जळाऊ ढिगातील फुलदाणी

लाकडाच्या कोणत्याही वखारीत गेले की दोन ढीग दिसतात. एका बाजूला सरळ, बिनगाठीचे, चौकटी-दारांसाठी राखून ठेवलेले इमारती लाकूड. दुसऱ्या बाजूला बेचकी, गाठाळ खोडे, चिरलेले ओंडके आणि बुरशीने डागाळलेले तुकडे. पहिला ढीग घनफुटावर विकला जातो, दुसरा वजनावर. दुसऱ्या ढिगाच्या नशिबी चूल किंवा भट्टी ठरलेलीच. या लेखात आम्ही त्या दुसऱ्या ढिगाविषयी लिहिणार आहोत, कारण पाहणाऱ्याची नजर खिळवून ठेवणारी कातीव फुलदाणी बहुतेक वेळा तिथूनच निघते.

कातणे म्हणजे लाकूड गोल फिरते ठेवून त्यावर धारदार हत्यार धरणे. सुतार हत्यार चालवतो, कातारी लाकूड चालवतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. घरातले लाटणे, ताक घुसळायची रवी, मुलांचा भोवरा, पाळण्याचे दांडे, जुन्या पलंगाचे पाय हे सगळे कातकाम. आपल्या अनेक घरांत कातारीला खरादी म्हणतात. अरबीत लाकूड कातणाऱ्याला खर्रात म्हणतात, आणि खराद हा शब्द त्याच घराण्यातला.

हे हुनर आपल्याला परके नाही. कैरोच्या जुन्या मोहल्ल्यांतील मशरबिया पाहा. खिडकीवरची ती लाकडी जाळी असंख्य लहान-लहान कातीव तुकड्यांची असते आणि तुकडे खिळ्यांशिवाय एकमेकांत बसवलेले असतात. वारा आत येतो, घराचा पडदाही राहतो. तिथले जुने कारागीर जमिनीवर बसून एका हाताने धनुकली ओढत लाकूड फिरवायचे आणि दुसऱ्या हाताच्या मदतीला पायाची बोटे घेऊन हत्यार सांभाळायचे. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचे चन्नपटण. तिथल्या लाखकामाची परंपरा टिपू सुलतान यांच्या आश्रयाशी जोडली जाते. आपल्या सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी तर महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली आहेत.

पडलेला आंबा

तीन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका घरी परसातला जुना रायवळ आंबा पावसाळ्यात कोसळला. घरच्या दादाजींनी लावलेले ते झाड. दादाजी आता हयात नाहीत. वखारवाले आले, त्यांनी खोडाभोवती एक फेरी मारली आणि जळाऊच्या भावात घेऊ म्हणाले. व्यवहार म्हणून त्यात काही गैर नव्हते. आंब्याचे लाकूड खोकी, फळ्या, हलके फर्निचर यांना चालते. पण हे खोड वाकडे, बेचकी फुटलेले आणि गाठींनी भरलेले होते. दादी मात्र एवढेच म्हणाल्या, "सगळं नेऊ नका. काहीतरी राहू द्या."

म्हणून बेचक्याचा दोन-अडीच फुटांचा तुकडा मागे राहिला. भिंतीच्या आडोशाला, ओलसर सावलीत तो पुढचा पावसाळा संपेपर्यंत पडून होता. आम्ही तो मोहल्ल्यातल्या एका वयोवृद्ध खरादींकडे घेऊन गेलो, तेव्हा त्याच्या कापलेल्या तोंडावर काळ्या वेड्यावाकड्या रेषा उमटल्या होत्या आणि मधला भाग फिकट, ठिकठिकाणी करडा झाला होता.

"चाचा, हे सडलंय का?" आम्ही विचारले.

चाचांनी अंगठ्याचे नख लाकडात रोवून पाहिले, मग हातोडीच्या दांड्याने दोन ठिकाणी ठोकले. "सडायला निघालंय, पोहोचलेलं नाही," ते म्हणाले. "आता थांबवलं तर याच्यासारखं लाकूड नाही. अजून एक पावसाळा ठेवलं असतं तर चूल."

डाग कुठला, धोका कुठला

चाचांचे ते दोन शब्दांचे निदान समजून घेण्यासारखे आहे. पडलेल्या लाकडात ओल असली की बुरशी शिरते. एकाच ओंडक्यात बुरशीच्या वेगवेगळ्या वसाहती वाढू लागल्या की त्या आपापल्या हद्दीवर गडद रंगाचे कुंपण घालतात. कापलेल्या तोंडावर दिसणाऱ्या काळ्या रेषा म्हणजे हे कुंपण. फिकट पट्टे म्हणजे बुरशीने लाकडाचा काही अंश खाल्लेली जागा. आंबा आणि चिंच या दोन्ही झाडांच्या लाकडात अशी नक्षी सहज उमटते.

अमेरिकेत मेल्विन लिंडक्विस्ट आणि त्यांचे चिरंजीव मार्क लिंडक्विस्ट यांनी १९७० च्या दशकात अशाच बुरशी लागलेल्या लाकडाची कातीव भांडी आणि फुलदाण्या लोकांसमोर आणल्या. तोवर तिकडेही हे लाकूड टाकाऊच समजले जाई.

पण नक्षी आणि सड यांच्यामध्ये फार अंतर नसते. म्हणून तीन परीक्षा सांगितल्या जातात. पहिली नखाची: नख जोर लावूनही उमटत नसेल तर लाकूड खणखणीत आहे, किंचित उमटले तर सांभाळून कातता येईल, आत रुतले तर तो भाग कापून टाकावा. दुसरी आवाजाची: ठोकल्यावर टणक आवाज यावा, भदभद आवाज आला की आत पोकळी किंवा कुज आहे असे समजावे. तिसरी वजनाची: दोन सारख्या आकाराच्या वाळलेल्या तुकड्यांपैकी जो फारच हलका लागेल, त्याचे बळ बुरशीने खाल्लेले असते.

भेगांचेही तसेच. तोंडावरच्या केसासारख्या बारीक भेगा कातताना बहुधा निघून जातात. गाठीभोवतीची फट, तिच्यात अडकलेली साल हे फुलदाणीचे वैभव ठरू शकते. पण लाकडाच्या वलयांना धरून गोल फिरलेली फट, किंवा या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार गेलेली चीर दिसली तर तो तुकडा यंत्रावर चढवूच नये. फिरताना तो दुभंगतो आणि समोर उभ्या माणसाचे तोंड फोडतो. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. सहा इंच व्यासाचा ओंडका मिनिटाला एक हजार फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाने धावत असते. रस्त्यावरच्या मोपेडच्या वेगाने आलेला लाकडाचा ठोकळा काय करील, हे वेगळे सांगायला नको.

घाई न करण्याचे आठ महिने

चाचांनी पहिल्या दिवशी फक्त दोन कामे केली. ओंडका उभा चिरून मधला गाभा काढून टाकला आणि दोन्ही तोंडांना जाड ऑइल पेंट फासला. गाभा काढण्यामागे कारण आहे. वाळताना लाकूड सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. या ओढाताणीत भेग गाभ्यापाशी सुरू होते. रंग किंवा मेण तोंडाला लावायचे ते यासाठी की ओल तोंडातून फार झपाट्याने बाहेर पडते. तोंड आधी सुकले आणि पोट ओले राहिले, की तोंड चिरते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ओंडका यंत्रावर चढवून फुलदाणीचा ओबडधोबड आकार काढला आणि आतूनही पोखरला, पण भिंत जाड ठेवली. व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाडी राखायची हा कातकामातला सर्वमान्य हिशेब आहे. सहा इंचांच्या आकाराला साधारण १५ मिलिमीटर. वाळताना हा गोल अंडाकृती होतो. भिंतीत पुरेशी जाडी असेल तरच नंतर त्यातून पुन्हा नीट गोल काढता येतो.

मग ते कच्चे भांडे वर्तमानपत्रात गुंडाळून, वारा थेट लागणार नाही अशा फळीवर ठेवले. बाजूला पेन्सिलने तारीख आणि वजन लिहिले. दर पंधरा दिवसांनी वजन करायचे, खाली लिहायचे. वजन उतरायचे थांबले की लाकूड हवेइतके सुकले. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली गेली की बुरशीची वाढही थांबते. 'थांबवलं तर' या चाचांच्या शब्दांचा अर्थ हाच होता. आमच्या भांड्याला आठ महिने लागले.

यंत्रावर

सुकलेले भांडे पुन्हा यंत्रावर चढवण्याआधी चाचा आम्हाला नखशिखांत पाहत. बाही कोपराच्या वर. घड्याळ, अंगठी, गळ्यातला रुमाल काढलेला. मुलींना त्यांचा नियम असा की ओढणी आत खोचलेली किंवा बाजूला ठेवलेली, स्कार्फची टोके आत. हातमोजे अजिबात नाहीत, कारण फिरते लाकूड मोजा धरून हात ओढून घेते. तोंडावर पारदर्शक शील्ड. आणि नाका-तोंडावर धूळ गाळणारा चांगला मास्क.

मास्कविषयी दोन शब्द जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणारी म्हणून नोंदवली आहे. त्यात बुरशी लागलेले लाकूड असेल तर बुरशीचे कणही हवेत मिसळतात. आंबा हा काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला. त्याच्या चिकाने जसे तोंड उतते, तशी त्याच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते. दमा असलेल्यांनी या कामापासून लांबच राहावे.

यंत्राचा वेग ठरवायचा एक सोपा हिशेब आहे. व्यास इंचात घ्यावा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे; उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान यावे. म्हणजे सहा इंचांच्या गोलाला १,००० ते १,५०० फेरे. हाही वेग तोल साधल्यानंतरचा. सुरुवात नेहमी सर्वांत कमी वेगाने, चारशे-पाचशे फेऱ्यांवर. चालू करण्याआधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहायचे की लाकूड कुठे अडत नाही ना, आणि बटण दाबताना लाकडाच्या समोर न राहता बाजूला उभे राहायचे.

हत्यार म्हणजे लांब दांड्याची गोल पटाशी. तिच्या धारेमागचा उतार आधी फिरत्या लाकडावर टेकवायचा, मग मूठ हळूहळू उचलत धार लाकडाला लावायची. धार आधी लागली तर पटाशी अडकते आणि लाकूड झटका देते. बाहेरून कातताना मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे उतरायचे, म्हणजे रेशांना मागून आधार राहतो. आतून पोखरताना मधोमध गिरमिटाने भोक पाडून खोली ठरवायची आणि मग मध्यापासून कडेकडे यायचे. तळाला पाऊण इंच लाकूड ठेवायचे. तळ जड असला की फुलदाणी कलंडत नाही.

आकाराविषयी चाचांचे मत ठाम होते. आम्ही कडे, खाचा, मण्यांसारखे फुगवटे असलेला एक नमुना कागदावर काढून नेला होता. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हे साध्या पांढऱ्या लाकडासाठी ठेवा. इथं लाकूडच इतकं बोलतंय, त्यात आपण कशाला मध्ये बोलायचं?" शेवटी ठरला तो आकार साधा होता: उंची नऊ इंच, पोट साडेपाच इंच, बैठक सव्वादोन इंच, तोंड दोन इंच. पोटाचा सर्वांत रुंद भाग वरच्या बाजूला, उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. गाठ नेमकी तिथे आली आणि काळ्या रेषा तिच्यापासून खाली उतरत गेल्या.

भेगेचे काय करायचे

गाठीजवळ एक भेग होती, बोटभर लांब. आमच्या मनात होते की लांबी भरून, वरून रंग जुळवून टाकावा. फर्निचरच्या दुकानात तेच होते. चाचांनी मात्र भेग ब्रशने साफ केली, ती पुढे सरकू नये म्हणून पातळ, लगेच सुकणारा गोंद आत सोडला आणि तशीच उघडी ठेवली. जिथे भेग रुंद असते तिथे कॉफीची बारीक पूड किंवा पितळेचा कीस इपॉक्सीत कालवून भरतात. मोठ्या फळ्यांवर डमरूच्या आकाराची लाकडी चावी भेगेवर आडवी बसवतात. लाकडाच्या गाठी-भेगा न लपवता मिरवणारे प्रसिद्ध कारागीर जॉर्ज नाकाशिमा हीच डमरू चावी वापरत. ते तरुणपणी वास्तुरचनेच्या कामासाठी पुदुच्चेरीत राहिले होते.

या साऱ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. भेग आहे हे पाहणाऱ्याला कळते. लांबी आणि रंगाने ते कळेनासे होते. आणि भेग झाकणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, वस्तू विकायची झाली की तो व्यवहाराचा प्रश्न होतो. वर कोरडे आणि खाली भिजलेले धान्य ठेवून विकणाऱ्याला प्रेषितांनी (सल्ल.) बाजारात टोकल्याचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. वरून सुकलेले आणि आतून ओले लाकूड विकणे याहून वेगळे ते काय? घरी नेल्यावर दोन महिन्यांत ते चिरते आणि गिऱ्हाईक पुन्हा हस्तकलेच्या वाटेला जात नाही.

शेवटचा हात

घासण्याला पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करून १८०, २४०, ३२० आणि ४०० असा चढत जायचा. मधला एकही नंबर गाळू नये. गाळला की ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. प्रत्येक नंबरानंतर यंत्र थांबवून हाताने, रेशांच्या दिशेने एकदा घासावे. जोर देऊ नये, कारण घर्षणाच्या उष्णतेनेही बारीक भेगा पडतात. बुरशीचे मऊ पट्टे टणक भागापेक्षा लवकर झिजतात आणि तिथे खड्डा होतो. म्हणून घासण्याआधीच पातळ चपड्याचा एक हात देऊन ते पट्टे घट्ट करून घ्यावेत.

पॉलिशसाठी चपडाच वापरला. चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख, शुद्ध करून पातळ पापुद्र्यांत काढलेली. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये सुमारे १२० ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवला आणि गाळून घेतला की पातळ पॉलिश तयार होते. एकावर एक पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन. शेवटी मधमाशीचे मेण. यंत्र चालू ठेवून पॉलिश करायचे असेल तर कापड वापरू नये, ते लाकडात गुंडाळले जाऊन बोटे ओढते. टिश्यू पेपर घ्यावा, तो फाटतो.

जवसाचे तेलही चालते, पण ते फिकट लाकडाला पिवळसर करते. तेलाचे बोळे तर कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते पाण्यात बुडवावेत किंवा मोकळ्यावर पसरून वाळवावेत.

चन्नपटणात याच लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या वाळक्या पानाने तिला झळाळी आणतात. ती कला अप्रतिम आहे. पण तिचा रंग लाकूड पूर्ण झाकतो, म्हणून ती एकसारख्या फिक्या लाकडाला शोभते. डागाळलेल्या आंब्याला हवा असतो तो पारदर्शक हात.

तयार झालेली फुलदाणी आम्ही दादींच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली, बोट भेगेवर ठेवले आणि विचारले, "हे तसंच ठेवलंत?" आम्ही हो म्हणालो. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "झाडाला ती होतीच."

अशा फुलदाणीत थेट पाणी भरू नये. सुकी फुले, गव्हाच्या ओंब्या, गवताचे तुरे ठेवावेत. ताजी फुले हवी असतील तर आत काचेची अरुंद नळी बसवून पाणी तिच्यात घालावे.

चाचांनंतर कोण?

चाचांच्या दुकानात आज पलंगाचे पाय आणि लाटणी येतात, तीही कमी. प्लॅस्टिकने आणि स्टीलने बाकीचे काम नेले. त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो, नातू मोबाइल दुरुस्ती शिकतो. यात दोष कोणाचाच नाही. घर चालले पाहिजे. पण ओंडक्यावर नख रोवून 'अजून एक पावसाळा ठेवलं असतं तर चूल' हे सांगणारा अनुभव कोणत्याही यंत्रासोबत विकत मिळत नाही, आणि तो चाचांबरोबर जाईल. लाटण्याला जो दाम मिळतो त्याहून कितीतरी चांगला दाम अशा एकुलत्या एका नक्षीच्या फुलदाणीला मिळू शकतो. विद्या आहे, यंत्र आहे, कच्चा माल जळाऊ ढिगात पडला आहे. उणीव आहे ती मागणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची.

वाचकहो, आपल्या परसातले किंवा शेतातले एखादे आंबा, चिंच, बाभूळ, शिरीष पडले तर वखारीला निरोप देण्याआधी एवढे करावे. बेचक्याचा आणि गाठीचा एक तुकडा बाजूला काढावा, त्याच दिवशी त्याच्या दोन्ही तोंडांना जाड रंग लावावा, झाडाचे नाव आणि तारीख त्यावर लिहावी. मग गावातला कातारी शोधावा आणि सोबत घरातल्या एखाद्या तरुणाला न्यावे, बघायला आणि जमल्यास शिकायला. विकायचे ठरवले तर फुलदाणीला एक छोटी चिठ्ठी बांधावी: लाकूड कशाचे, झाड कुठले, भेग कुठे आहे, ती कशाने धरली आहे, पाणी भरू नये. ज्या घरात ती जाईल, त्या घराला ती चिठ्ठीही जपून ठेवावीशी वाटेल.